वाजवून घेताना

लॉक्स्टनच्या म्हाताऱ्यानं लाकडाची दाखवली.
थरावर थर चिकटवून, रंध्यानं उतरवलेली,
पॉलिश असं की मला माझी हनुवटी दिसली.
पण दोन हिवाळे गळक्या पत्र्याखाली काढून
डाव्या पात्यानं ओल पिऊन ठेवली होती.
जोडीतलं एक जड झालं
की दांडा हातात राहत नाही,
हातच दांड्याबरोबर थरथरत जातो.
मी चहा प्यायले, टोमॅटोंचं कौतुक केलं, निघाले.

नवी कोरी मागवायची तर समुद्रापलीकडून.
किंमत ऐकली
आणि बराच वेळ रिसीव्हर खाली ठेवायचंच राहिलं.

मी पवनचक्क्या दुरुस्त करते,
मॅलीच्या कोरड्या रानात, तीस वर्षं.
पवनचक्की एका जागी उभी राहून वाऱ्याची वाट बघते.
मला वाऱ्याला गाठायला जाणारं काहीतरी हवं होतं.
इंजिन नुसतं मागून ढकलतं,
डोक्यावरची पाती फिरवतो तो वारा,
हे बँकेतल्या मुलीला तीनदा समजावलं.
तिनं फॉर्मवर लिहिलं: हेलिकॉप्टर, लहान.

वहीत बेरीज केली: चौकट, इंजिन, पेट्रोल, मी.
डॉक्टरला सांगते ते वजन नाही, खरं.
उत्तर आलं तेवीस फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तेवीस फूट ऑड्री क्लाइनिगच्या शेडमध्ये टांगलेली होती,
घोंगडीत गुंडाळून,
ॲल्युमिनियमची, एकाच दिवशी जन्मलेली जोडी.
लिंडसेच्या वहीत दोनशे बारा तास, चाळीस मिनिटं,
पुढे कोरी पानं.
तो गेला दवाखान्यात, धुतलेल्या चादरीवर.
याचा तिला अजून थोडा राग आहे.

दोन लाकडी घोड्यांवर पातं आडवं घातलं.
खिशातून पन्नास सेंटचं नाणं काढलं, बारा कोनांचं,
आणि मुळापासून टोकाकडे
बोटाबोटावर वाजवत गेले:
टिक. टिक. टिक.
माझा उजवा कान एका जनरेटरनं कधीच नेला,
डावा त्याच्या वाटचं ऐकतो.
सगळं खणखणीत वाटलं.
पाकीट कोटात होतं. त्याचा फुगवटा तिलाही दिसत होता.

दारातून ती म्हणाली, "पुन्हा."
कुठे?
"मागे ये. अजून दोन बोटं."
टिक.
"ते टिक नाही. ते टक आहे."
चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेला कान.
मला फरक कळेना.
ती गप्प बसली असती तरी चाललं असतं,
पैसे मोजले असते मी, आभार मानले असते.
तिनं नाणं माझ्या हातातून घेतलं,
स्वतः वाजवलं, त्याच जागी, पाच-सहा वेळा,
जसं कुणाला हळूच उठवावं.

मग म्हणाली, करवत मागच्या भिंतीवर आहे.
नाहीतर मी गेल्यावर भाचा विकेल कुणाला तरी.
आम्ही आळीपाळीनं कापलं.
आत, पत्रा आणि दांड्याच्या मध्ये
गोंद सुटलेला, तळहाताएवढा.
माझं नख सहज गेलं.
हजार फुटांवर हे उकललं असतं
तर डोळ्याचं पातं लवायच्या आत.
हे मी बोलले नाही.
तिनं टोकाकडचा तुकडा उचलला,
फुंकर मारून कीस उडवला,
"वाटाण्याच्या वेलाला होईल," म्हणाली.
चांगलं पातंही कापलं. एकट्याचा काय उपयोग.
त्याला मात्र वेळ लागला.

माझ्या शेडमध्ये ते यंत्र तसंच उभं आहे,
तीन चाकं, एक खुर्ची, वर बोडका खांब.
रात्री खांबावर चिमण्या बसतात.

रविवारी फोन आला.
मिल्डुराला एकजण जोडी काढतोय, तिनं ऐकलंय,
शनिवारी जायचं, लवकर, उन्हाआधी.
मी म्हटलं, नाणं आहे माझ्याकडे.
"माझं आणते," ती म्हणाली,
"तुझं बोथट आहे."